कोतवाल बुकातली पणजी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांच्याकडे मी मोडी शिकलो. शाळा सुटल्यावर त्यांच्या ओसरीवर आम्ही चारदोन मुलं बसायचो. आधी पानभर रेघा ओढायच्या, मग रेघेखाली अक्षरं, हात न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच नाही. शाळांतून मोडी जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे हे शिकून पुढे काय, असं सगळेच विचारायचे. आज उत्तर द्यायची गरज उरलेली नाही. महिन्यातून कितीतरी माणसं हातात नकला घेऊन माझ्या दारात येतात. त्या माणसांबद्दल आणि त्यांच्या हातातल्या कागदांबद्दल मला आज बोलायचं आहे.

ही माणसं बहुतेक जातपडताळणीच्या कामासाठी येतात. महाराष्ट्रात आपला खापरपणजोबा कोण होता हे शोधायची वेळ सामान्य माणसावर येते ती मुलाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी, नाहीतर निवडणुकीचा फॉर्म भरताना. अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, जमातीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून तर तहसील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत कधी नव्हे इतकी वर्दळ झाली. ज्या रुमालांची गाठ पन्नास वर्षांत कुणी सोडली नव्हती, ते रुमाल उघडले गेले. ही फार मोठी गोष्ट झाली असं मी मानतो.

पण होतं काय, की पुरावा लागतो बापाकडचा. बाप, आजा, पणजा, खापरपणजा, अशी वंशावळ शपथपत्रावर काढायची आणि तिच्यातल्या एका तरी पुरुषापुढे जात लिहिलेली दाखवायची. ती ओळ सापडली की माणूस सुटकेचा श्वास टाकतो, नक्कल मागतो आणि बुक मिटतो. त्याच पानावर, त्याच्या ओळीच्या खाली-वर, त्याच्याच घरातली जी माणसं बसलेली असतात त्यांच्याकडे तो बघतही नाही. घराण्यात आलेल्या बायका, दिलेल्या मुली आणि जगली नाहीत ती मुलं. वंशावळीच्या कागदावर यांना जागाच नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदीत मात्र ती आहेत, आणि नीट वाचलं तर सापडतात. आजचं माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी आमच्या घरातल्या एका बाईच्या शोधातून सांगणार आहे.

आधी हे बुक काय असतं ते सांगायला हवं. खेडोपाडी त्याला कोतवाल बुक म्हणतात. जुन्या महसुली भाषेत गाव नमुना चौदा. गावात मूल जन्मलं किंवा माणूस गेलं की कोतवालानं खबर आणायची, पाटलानं ती घ्यायची आणि कुलकर्ण्यानं लिहायची, असा तो क्रम. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचा कायदा १८८६ साली झाला, पण नोंद करणं त्यात ऐच्छिक होतं. सक्ती आली ती १९६९ च्या कायद्यानं. आपल्याकडे तो १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीची ही गावची बुकं म्हणजे सरकारी शिस्त आणि गावचा आळस यांच्यातून जे उरलं ते. कुठे वर्षच्या वर्षं सलग आहेत, कुठे मधली पाच वर्षं उंदरांनी नेली.

सरकारला ही नोंद का हवी होती, हे कळलं तर ती कशी वाचायची हे कळतं. वारसांना आपला पणजा सापडावा म्हणून ती कुणी लिहिली नाही. जन्माच्या नोंदीवरून देवी टोचणाऱ्याला कुठलं मूल टोचायचं राहिलं ते कळायचं. मृत्यूच्या नोंदीवरून आरोग्य खात्याचे वार्षिक आकडे तयार व्हायचे. त्या आकड्यांना मोजकेच रकाने होते: पटकी, देवी, ताप, हगवण-आमांश, इजा आणि इतर. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, मग त्याची भर पडली. माणूस कशानंही गेलेला असो, या खणांपैकी एकात तो बसवायचा. त्यामुळे कोतवाल बुकात मृत्यूचं कारण 'ताप' असं दिसलं की थांबायचं. हिवताप, न्यूमोनिया, क्षय, बाळंतपणातला सूतिकारोग, सगळं त्या दोन अक्षरांत कोंबलेलं असतं.

आणि खबर आणणारा तो कोतवाल. आपल्या भागात तो बहुतेक महार, काही ठिकाणी रामोशी किंवा कोळी. गावातल्या मर्तिकाची बातमी उन्हातान्हात चालत परगावच्या नातलगांना पोचवणं हेही महार वतनातलंच काम होतं. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं तेव्हा या राबणुकीचा हिशोब त्यांनी मांडला. ती वतनं कायद्यानं गेली १९५८ साली. सगळ्या गावाच्या जन्म-मरणाची खबर ज्यानं पाटलाच्या ओट्यापाशी उभं राहून सांगितली, त्याच्या स्वतःच्या घरातली नोंद मी पाहिलेल्या बुकांत अनेकदा नुसत्या एका नावाची असते. बापाचं नाव नाही, वयाचा अंदाज, आणि जात. आडनाव तर कुणाचंच फारसं नसे, पण बापाचं नाव नसलं की आज नातवाला जोडणी करताना जीव मेटाकुटीला येतो. असे अर्जदार आले की मी त्यांना सांगतो, ओळीत सापडला नाही तर शेऱ्यात बघा. 'खबर देणार' म्हणून कधीकधी तिथे पूर्ण नाव मिळतं.

आता पणजीकडे येतो. तिच्या माहेरच्या घरातली आजची माणसं साधी आहेत, त्यांना जाहीर चर्चा नको आहे, म्हणून नावं आणि गावं मी सांगणार नाही. सातारा जिल्ह्यातली दोन गावं, मध्ये कृष्णा, एवढं पुरे.

आमच्या घरात वंशावळीचा एक कागद होता. माझ्या चुलतआजोबांनी तो बोरूनं काढलेला. त्यात पणजोबांपुढे पत्नी म्हणून एक नाव आणि खाली पाच मुलं. आजोबांना सावत्र आई होती हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण कागदावर सगळी मुलं त्या एकाच बाईची. तीच ती सावत्र आई, हे तारखा लावल्यावर लक्षात आलं. म्हणजे माझ्या आजोबांना जिनं जन्म दिला तिचं नाव कागदावर नव्हतंच. आजोबा गेले, त्यांची थोरली बहीण, आमची आत्याआजी गेली, आणि विचारायला कुणी उरलं नाही. घरात एवढंच वाक्य शिल्लक होतं की ती मानमोडीत गेली.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. मुंबईत तो जूनमध्ये दिसला, आणि खरा कहर झाला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या लाटेत. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या १९२१ च्या जनगणनेत १९११ पेक्षा कमी भरली. जनगणना सुरू झाल्यापासून असं त्या एकाच दशकात झालं. आणि या साथीनं म्हातारी माणसं आणि मुलं सोडून वीस ते चाळीस वयाची, कामाची माणसं जास्त नेली. त्यातही आपल्याकडे बायका पुरुषांपेक्षा अधिक. घरातल्या सगळ्यांची उस्तवार करणारी, स्वतः अर्धपोटी राहणारी, आणि कित्येकदा पोटुशी असलेली बाई त्या तापापुढे टिकत नसे.

गावच्या मृत्यूच्या बुकातलं ऑक्टोबर १९१८ मी उघडलं. त्याआधीच्या महिन्यांना प्रत्येकी अर्धं पान पुरलं होतं. ऑक्टोबर पानामागून पान चालतो. सुरुवातीचं मोडी अक्षर वळणदार आहे, ओळी सरळ, प्रत्येकाचं वय, जात, धंदा नीट. मग महिन्याच्या मध्यावर एकदम हात बदलतो. हे दुसरं अक्षर घाईचं, शाई पातळ, कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीला 'ताप' आणि खाली सगळीकडे 'सदर', 'सदर', 'सदर'. पहिल्या लिहिणाऱ्याचं काय झालं म्हणून मृतांत त्याचं नाव शोधलं. नव्हतं. तो आजारी पडला असावा आणि दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दौत आली असावी. त्या दुसऱ्या हातानं लिहिलेल्या ओळींत, १९ तारखेला, एका बाईचं नाव, पुढे 'कोम', म्हणजे अमक्याची बायको, आणि आमच्या पणजोबांचं नाव. वय २५. कारण सदर.

एवढ्यावर थांबलो असतो तरी नाव मिळालं होतं. पण गुरुजींची एक शिकवण होती: मृत्यूचं बुक वाचताना जन्माचं बुक शेजारी उघडं ठेवायचं. जन्माच्या बुकात १४ ऑक्टोबरला पणजोबांच्या नावावर एक मुलगी जन्मलेली होती. आणि मृत्यूच्या बुकात, पणजीच्या ओळीखाली काही ओळी सोडून, २१ तारखेला 'मुलगी, वय ७ दिवस'. बापाचं नाव तेच.

या मुलीबद्दल आमच्या घरात कुणीही कधी एक शब्द बोललेलं नाही. बोलणार कोण? आजोबा तेव्हा दोन वर्षांचे. आत्याआजी सात वर्षांची असेल. तिनं पाहिलं असणार, पण तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही. सरकारी आकड्यांत हे दोन ताप आहेत. दोन बुकं शेजारी ठेवली की ते एक बाळंतपण आहे, साथीत सापडलेलं, आणि पाच दिवसांनी आई आणि सात दिवसांनी मूल गेलेलं आहे. दुसऱ्या कुठल्याही कागदानं हे आम्हाला सांगितलं नसतं.

मग मी मागे गेलो. आजोबांचा जन्म नोव्हेंबर १९१६ मध्ये मिळाला. नाव नाही, 'मुलगा' एवढंच. नाव ठेवायच्या आधीच नोंद होत असल्यामुळे मुलग्यांचीही नावं पुष्कळदा नसतात. बापाचं नाव आणि आधीनंतरची मुलं यांवरून ओळख पटते. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख मात्र १ जून. महाराष्ट्रातल्या दोन पिढ्या १ जूनला जन्मल्या, कारण जूनमध्ये शाळा उघडायच्या आणि मास्तर प्रवेशाच्या दिवशी वयाचा हिशोब जुळवून टाकायचे. आपल्या घरातला कुणी १ जूनला जन्मला असेल तर ती तारीख पुरावा म्हणून चालेल, पण जन्म म्हणून तिच्यावर विसंबू नका. १९१३ मध्ये आणखी एक मुलगा मिळाला आणि पुढच्याच वर्षी मृत्यूच्या बुकात तो मिळाला. कारण देवी. हाही कागदावर नव्हता.

आत्याआजीचा जन्म मात्र गावच्या बुकात काही केल्या मिळेना, आणि इथेच वाट फुटली. पहिलं बाळंतपण माहेरी. आपल्या सगळ्या जातींत, सगळ्या जिल्ह्यांत ही रीत आहे. म्हणून थोरल्या मुलाची नोंद बापाच्या गावात नसेल तर ती बुकातली चूक समजायची नाही. ती नोंद आईच्या गावाला आहे. प्रश्न एवढाच की गाव कुठलं.

ते सांगितलं शाळेनं. आजोबा ज्या मराठी शाळेत शिकले तिथलं जनरल रजिस्टर पाहिलं, तर 'पूर्वीची शाळा' या रकान्यात दुसऱ्याच एका गावचं नाव. नदीपलीकडचं. आई गेल्यावर पोराला आजोळी ठेवलं असणार, आणि पहिल्या दोन यत्ता त्यानं तिथे काढल्या असणार. त्या गावच्या शाळेचं जुनं रजिस्टर एका लोखंडी पेटीत होतं, मुख्याध्यापकांनी आनंदानं काढून दिलं. आजोबांचं नाव, बापाचं नाव, आणि पुढे पालक म्हणून एका वेगळ्याच माणसाचं पूर्ण नाव, आडनावासकट. तो मामा. पणजीच्या माहेरचं आडनाव आम्हाला शंभर वर्षांनी त्या एका रकान्यातून मिळालं.

त्या गावच्या कोतवाल बुकात १९११ सालात आत्याआजीचा जन्म लगेच सापडला. बापाचं नाव आमच्या पणजोबांचं, शेऱ्यात त्यांच्या गावाचं नाव. मग तिथूनच मागे, मामाच्या बापाच्या घरात १८९० नंतर जन्मलेल्या मुली शोधल्या. दोन मिळाल्या, एक १८९१ ची आणि एक १८९४ ची. दोघींपुढे 'मुलगी', नाव नाही. मृत्यूच्या नोंदीतलं २५ वय धरलं तर ती १८९३ च्या आसपासची, म्हणजे दोघींपैकी कुणीही. पण १८९७ च्या मृत्यूंत त्याच बापाची तीन वर्षांची मुलगी आहे. धाकटी ती. म्हणून १८९१ ची आमची पणजी, असं मी धरून चाललो आहे. कुलकर्ण्यानं पंचविसाचा आकडा अंदाजानंच टाकलेला असणार. पंचवीस, तीस, चाळीस, साठ, असे ठोकळ आकडे बुकात जिथे तिथे दिसतात.

तिचं माहेरचं नाव मात्र मिळालेलं नाही. मृत्यूच्या ओळीत आहे ते सासरी ठेवलेलं. माहेरच्या घरात आज जे थोरले आहेत त्यांना 'एक आत्या नदीपलीकडं दिली होती' एवढंच ठाऊक. लग्नात तांदळावर नवं नाव लिहिलं आणि जुनं गेलं. ते जिथे लिहिलं गेलं असेल असा सरकारी कागद मला अजून मिळालेला नाही.

आपल्याकडच्या ज्या दोन बायकांची नावं घरोघरी माहीत आहेत त्या याच रीतीतून गेल्या. आनंदीबाई जोशी १८६५ साली जन्मल्या त्या यमुना म्हणून. रमाबाई रानडे देवराष्ट्रे इथल्या कुर्लेकरांच्या घरी १८६२ साली जन्मल्या, त्याही यमुना. रमाबाईंनी स्वतः आठवणी लिहिल्या, आनंदीबाईंची पत्रं उरली, चरित्रं झाली, म्हणून या दोन्ही यमुना आपल्याला माहीत. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं त्यांनी त्यानंतर ठरवलं. त्या दहा दिवसांच्या मुलाशिवाय त्यांचं पुढचं आयुष्य समजत नाही, आणि कुठल्याही वंशावळीत तो मुलगा आढळायचा नाही.

आता याच्याच उलट एक कागद तुम्हाला सांगतो. पलीकडे गोव्यात पोर्तुगीज प्रजासत्ताक आल्यानंतर नागरी नोंदणी सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू झाली. तिथली जन्मनोंद मी पहिल्यांदा वाचली तेव्हा थक्क झालो. मुलाचं नाव, बापाचं नाव, आईचं नाव. मग बापाकडचे आजी-आजोबा, नावानिशी. आणि आईकडचे आजी-आजोबा, तेही नावानिशी. एका नोंदीत सहा मोठी माणसं, त्यातल्या तीन बायका. फोंड्याच्या किंवा पेडण्याच्या हिंदू घरातली अशी नोंद आणि त्याच वर्षांतली सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची नोंद शेजारी ठेवा. भाषा एक, सोयरीक एक, कुलदैवतं एक. अलीकडच्या मुलीला आई नाही, पलीकडच्या मुलीला दोन आज्या आहेत. पोर्तुगीज राजवटीचं कौतुक करायला मी उभा नाही. पण रकाना असला की माणूस टिकतं, हे तिथे डोळ्यांना दिसतं. ज्यांची सोयरीक गोव्यात आहे त्यांनी आधी तिकडची नोंद काढावी, ती पोर्तुगीजमध्ये असते आणि तिथली वकील मंडळी ती रोज वाचतात. ख्रिस्ती कुटुंबांना याहून मागे जाता येतं, चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्यांतून. पणजी शहरातलं पुराभिलेखागार तर १५९५ चं आहे, दियोगु द कोतु हा त्याचा पहिला रक्षक.

लग्नाची नोंद आपल्याकडे सगळ्यांत कच्ची. कायदा १९५३ साली झाला, पण लग्न नोंदवायला लोक जाऊ लागले ते पासपोर्ट आणि व्हिसा आल्यावर. त्यामुळे जन्म आणि मृत्यू यांच्यामधली ही कडी दुसरीकडून भरून काढावी लागते. लग्नातली आहेराची वही जपलेली असेल तर ती सोन्याच्या मोलाची. मुलीकडचा आहेर कुणाकुणाचा आला, कुठल्या गावाहून, मामाचा किती, सगळं तिच्यात ओळीनं असतं. ती वही घरातली बाई फडताळ आवरताना आधी टाकून देते. टाकू नका. तारखेचा अंदाज लावताना शारदा कायदाही ध्यानात ठेवा. १ एप्रिल १९३० ला तो लागू होणार म्हणून त्याआधीच्या महिन्यांत लहान मुलामुलींची लग्नं धडाधड उरकली गेली, आणि आपल्या आजी-पणजीचं लग्न नेमकं त्यातलं असू शकतं.

मुली घरातून गेल्या की पुन्हा कागदावर येतात त्या जमिनीच्या वेळी. बाप वारला की फेरफाराला वारस लागतात. १९५६ च्या वारसा कायद्यानंतर त्यात मुलींची नावं यायला लागली, लग्नानंतरच्या आडनावासकट आणि सासरच्या गावासकट. त्यानंतरची एकदोन वर्षं सोडा आणि पुढचा फेरफार बघा: हक्कसोड पत्र. बहिणींनी राजीखुशीनं हक्क सोडला, नावं कमी केली. आपल्या आत्या, आत्याआज्या कुठे कुठे दिल्या होत्या याची सगळ्यांत खात्रीची यादी त्या हक्कसोडीच्या कागदावर मिळते. बाईचं नाव सरकारदप्तरी चढतं तेच ते उतरवण्यासाठी. हे वाचताना मला दरवेळी त्रास होतो, आणि तरीही शोधणाऱ्याला मी तिकडेच पाठवतो.

धर्मकृत्यात मात्र बायकांना जागा आहे, हे सांगायला हवं. ज्या घरांत श्राद्ध होतं तिथे बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजीचा उच्चार होतो, आणि आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्यांचाही. जुन्या घरांत ही नावं एखाद्या वहीत लिहिलेली असतात, उपाध्यायांकडे तर हमखास. नाशिकला आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थपुरोहितांच्या नामावळ्या आहेत. गावाचं नाव सांगितलं की ते वही काढतात, आणि तुमचा पणजा कुणाच्या अस्थी घेऊन आला होता तेही सापडतं. बाप्याच्या अस्थी जशा नेल्या तशा बाईच्याही नेल्या, त्यामुळे तिथे तिचं नाव येतं. आमच्या पणजीच्या अस्थी साथीच्या धामधुमीत कुणी कुठे नेल्या असतील असं वाटत नाही.

जनगणनेत काही मिळेल का, असं मला अनेकजण विचारतात. विलायतेत लोक जुन्या जनगणनेच्या घरोघरच्या याद्यांवरून पणजोबा शोधतात, हे ऐकलेलं असतं. आपल्याकडे आकडे काढून झाल्यावर त्या याद्या जपल्या गेल्या नाहीत. तिकडे वेळ घालवू नये.

सरकारनं मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाचं नाव शासकीय कागदांत स्वतःचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव या क्रमानं लिहायचं. आणि जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनं जन्मदाखल्याचं महत्त्व पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढवलं आहे. आज जन्मणाऱ्या मुलीच्या पणतीला आमच्यासारखी शाळेची लोखंडी पेटी शोधावी लागणार नाही. मागच्या सव्वाशे वर्षांचं काय, ते मात्र आपल्यालाच करायचं आहे, आणि त्याला फार वेळ नाही. कागद ठिसूळ झाले आहेत. कुणबी नोंदींच्या शोधात पानांचे फोटो निघाले, स्कॅन झाले, हे उत्तम झालं. पण ज्या पानावर हवी ती नोंद निघाली तेवढ्याच पानाला किंमत आणि बाकीचं बुक पुन्हा रुमालात, असं व्हायला नको.

म्हणून हातातल्या कामापुरतं सांगतो. अभिलेख कक्षात अर्ज कराल तेव्हा एका ओळीचा उतारा मागू नका, पूर्ण पानाची प्रमाणित नक्कल मागा. पणजोबांची नोंद मिळाली की त्याच्या आधीची आणि नंतरची दहा-दहा वर्षं जन्म आणि मृत्यू अशी दोन्ही बुकं बघा आणि बापाच्या नावापुढचं प्रत्येक मूल उतरवून घ्या, नाव असो वा नसो. दोन मुलांच्या जन्मात मोठं अंतर दिसलं तर मधलं मूल कुठे आहे ते शोधा. एखाद्या घरात बाळ जन्मल्यावर महिन्याभरात त्याच घरातल्या बाईचा मृत्यू दिसला तर कारणाच्या रकान्यावर विश्वास ठेवू नका. पहिलं मूल सापडलं नाही तर आजोळ शोधा, आणि आजोळ शाळेच्या रजिस्टरात, आहेराच्या वहीत, हक्कसोडीत शोधा. घरात जी सगळ्यांत म्हातारी बाई आहे तिला या आठवड्यात विचारा, की लग्नाआधी तुझं नाव काय होतं, तुझ्या आईचं काय होतं, आणि ती कुठली. उत्तर तारखेसह लिहून ठेवा आणि वहीवर कुणी सांगितलं तेही लिहा. मोडी वाचणारं कुणी नसेल तर पुण्या-मुंबईच्या पुराभिलेखागारांतून आणि इतिहास मंडळांतून मोडीचे वर्ग चालतात, तिथे शिकलेली तरुण मुलं-मुली आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. गुरुजी असते तर त्यांना याचा सगळ्यांत जास्त आनंद झाला असता.

आमच्या वंशावळीचा कागद मी पुन्हा लिहून काढला आहे. पणजोबांपुढे आता दोन बायका आहेत. पहिलीखाली चार मुलं: आत्याआजी, देवीत गेलेला मुलगा, आजोबा, आणि सात दिवसांची मुलगी. दुसऱ्या आणि चौथ्या ठिकाणी नाव नसल्यामुळे तारखा लिहिल्या. पणजीच्या नावाआधी, जिथे माहेरचं नाव यायचं, तिथे जागा मोकळी सोडली आहे, कारण तिच्या मामाच्या गावचं बुक मी अजून पाहिलेलं नाही.

अध्यक्षांनी परवानगी दिली आहे. ज्यांनी येताना कागद आणले आहेत त्यांनी कार्यक्रम संपल्यावर पुढे यावं. मी इथेच टेबलापाशी बसतो, भिंग माझ्याजवळ आहे.